पापणी आधी मिटते

लंडनच्या प्राणिसंग्रहालयात चार्ल्स डार्विन एकदा पफ ॲडर या विषारी सापाच्या पेटीच्या जाड काचेजवळ चेहरा नेऊन उभा राहिला. सापाने झडप घातली तरी मागे हटायचं नाही, असा त्याचा पक्का निश्चय होता. सापाने झडप घातली आणि डार्विन एक-दोन यार्ड मागे उडाला! 1872 च्या आपल्या भावभावनांवरच्या पुस्तकात त्याने हा प्रसंग नोंदवून ठेवला आहे. मध्ये काच आहे, हे त्याच्या बुद्धीला पुरतं ठाऊक होतं.

आभासी वास्तवाचा हेडसेट डोळ्यांवर चढवणारा प्रत्येक जण नेमका याच स्थितीत असतो. समोरचं सगळं खोटं आहे हे माहीत असतं, तरीही माणूस दचकतो, कारण दचकण्याचा निर्णय बुद्धीकडे जातच नाही. अचानक मोठा आवाज झाला, की साधारण 30 ते 50 मिलिसेकंदांत पापणी मिटू लागते. पाठोपाठ मान पुढे झुकते, खांदे वर जातात, कोपरं दुमडतात. कानातून निघालेला संदेश मेंदूच्या देठातल्या काही मोठ्या चेतापेशींपर्यंत पोहोचतो आणि तिथूनच स्नायूंना हुकूम सुटतो. प्रयोगशाळेत दचकणं मोजतात तेही पापणीवरूनच. डोळ्याखालच्या त्वचेवर दोन छोटे इलेक्ट्रोड चिकटवले, की स्नायूचा झटका किती जोराचा होता ते कळतं.

या चेतापेशींचं वैशिष्ट्य असं, की त्या फक्त कानाचं ऐकत नाहीत. चेहऱ्याला झालेला स्पर्श आणि शरीराचा तोल जाण्याची जाणीव, यांचे संदेशही तिथेच येऊन मिळतात आणि त्यांची बेरीज होते. आवाज, हिसका आणि धक्का एकाच क्षणी आले, तर दचकणं एकट्या आवाजापेक्षा जोरदार होतं. माझ्या मते बहुसंवेदी आभासी वास्तवाचं मर्म इथेच आहे. चित्र भीतीची भूमी तयार करतं, पण माणसाला हलवून सोडतात ते कान, त्वचा आणि तोल.

ही भूमीही महत्त्वाची आहे. मेंदूतला अमिग्डाला हा भाग धोक्याची चाहूल लागताच दचकण्याची तीव्रता वाढवून ठेवतो. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन प्रयोगात सहभागींनी आभासी बोगद्यातून गाडी चालवली, तेव्हा अंधारात मोठ्या आवाजाला त्यांची पापणी अधिक जोरात मिटली. अंधार पडद्यावरचा होता, पण तेवढाही पुरला.

स्पर्शाची ताकद सर्वांत सुंदर दाखवली ती अमेरिकेतल्या चॅपेल हिल इथल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाने. त्यांच्या आभासी खोलीत जमिनीच्या जागी सुमारे 20 फूट खोल खड्डा दिसत असे. सहभागी खड्ड्याच्या काठावर उभे राहत. काही वेळा त्यांच्या पायाखाली संशोधक खरोखरची लाकडी फळी ठेवत. जाडी जेमतेम दीड इंच. बुटाचं टोक फळीच्या कडेबाहेर गेलं की पायाला कड जाणवायची आणि डोळ्यांना खाली पाताळ दिसायचं. 2002 मध्ये मांडलेल्या या निष्कर्षांत फळीवर उभं असताना हृदयाचे ठोके अधिक वाढलेले आढळले. इथे मोजलं ते दचकणं नव्हे, ताण होता. पण शरीराची खात्री पटवायला दीड इंच लाकूड पुरेसं ठरलं.

मात्र संवेदना वाढवल्या की दचकणं वाढतंच, असं समजू नये. मोठ्या आवाजाच्या सुमारे 100 मिलिसेकंद आधी एखादी हलकी टिकटिक किंवा कंप दिला, तर दचकणं उलट कमी होतं. म्हणजे कंपन आवाजाबरोबर आलं की आधी, यावर सगळं अवलंबून असतं. हातातल्या कंट्रोलरचा कंप आखणाऱ्यांनी हे नीट लक्षात घ्यायला हवं.

बहुसंवेदी आभासी वास्तवाचा सर्वांत मोलाचा उपयोग होतो तो युद्धाच्या आघातातून न सावरलेल्या सैनिकांसाठी. जरा खट्ट झालं तरी प्रचंड दचकणं हे या आजाराचं एक लक्षणच. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात स्किप रिझो यांच्या गटाने उभारलेल्या उपचारप्रणालीत इराक-अफगाणिस्तानचे रस्ते दिसतात, पायाखालचा मंच स्फोटाबरोबर हादरतो, डिझेलचा किंवा जळक्या रबराचा वास सोडता येतो. सगळी सूत्रं उपचारकाच्या हातात असतात. रुग्ण आपली आठवण सांगत जातो आणि त्याला झेपेल तसतसा उपचारक कधी हेलिकॉप्टरचा आवाज वाढवतो, कधी हादरा देतो. बार्बरा रॉथबॉम यांच्या 2014 च्या अभ्यासात अशा उपचारांबरोबर रुग्णांचं दचकणंही मोजलं गेलं. बरं वाटतंय का, हे रुग्णाला विचारता येतंच. सोबत त्याच्या पापणीलाही विचारता येतं.