शहर अभ्यासायचे, तर कुणाला विचारायचे?

नगर शहर : 1490 मध्ये मलिक अहमद निजामशहाने सीनाकाठी वसवले. नगरपालिका 1854, महापालिका 2003. अहिल्यानगर हे नाव 2024 पासून.

आकडे (2011 जनगणना) : शहर 3,50,859; जिल्हा 45,43,159. जिल्ह्यातल्या सगळ्या शहरांचा मिळून वाटा जेमतेम पाचवा हिस्सा. त्यानंतर जनगणनाच झालेली नसल्याने अभ्यासक अजून याच आकड्यांवर आहेत.

‘शहर’ कशाला म्हणायचे? जनगणनेच्या लेखी वस्ती किमान 5,000, दर चौ. कि.मी. 400 माणसे आणि 75 टक्के कमावते पुरुष शेतीबाहेर. कारभार ग्रामपंचायतीचा असला तरी गाव ‘जनगणना शहर’ ठरू शकते. नगरपंचायत, नगरपरिषद, महापालिका हे दर्जे मात्र राज्य सरकार देते.

कायदे : नगरपरिषदा 1965, प्रादेशिक नियोजन व नगररचना 1966, 74वी घटनादुरुस्ती 1 जून 1993 पासून.

संस्था
• सीएसआरडी, नगर (1962) : समाजकार्याचे शिक्षण व संशोधन. नावात ‘ग्रामीण विकास’, पण पत्ता शहरातला.
• गोखले संस्था, पुणे (1930) : धनंजयराव गाडगीळांची पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी इथलीच, दोन भाग, 1945 व 1952.
• अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था, मुंबई (1926) : पालिका कर्मचारी व नगरसेवकांचे प्रशिक्षण.

एकट्याला न पेलणारा विषय, खापरी नळ : निजामशाहीत कापूरवाडीसारख्या गावांतून भाजक्या मातीच्या नळांनी शहरात पाणी येई. मधले उसासे, म्हणजे हवा सोडणारे मनोरे, शोधायला इतिहासकार लागतो, उतार मोजायला अभियंता. वरची जमीन कुणाची, हे तलाठ्याचा सातबारा सांगतो.