चोराचा हात पोचणार नाही अशी प्रत

१४ जून २०२२ च्या पहाटे ठाणे पोलीस आयुक्तालयाचं संकेतस्थळ उघडलं की पोलिसांची माहिती दिसत नव्हती. तिच्या जागी 'वन हॅट सायबर टीम' या नावानं झळकवलेला मजकूर होता. भारत सरकारला उद्देशून लिहिलेला, जगभरातल्या मुसलमानांची माफी मागा असं बजावणारा. प्रेषित महंमदांविषयीच्या एका वक्तव्यावरून तेव्हा वातावरण तापलं होतं आणि त्या काही दिवसांत देशातल्या अनेक संकेतस्थळांवर असे हल्ले झाले. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर याच आयुक्तालयाच्या हद्दीत येतात, त्यामुळे उल्हासनगरच्या कॅम्प ५ मधल्या माणसासाठी हे संकेतस्थळ परक्या गावाचं नव्हतं. तंत्रज्ञांनी डेटा आणि सर्व्हर पूर्ववत केले आणि त्याच दिवशी संकेतस्थळ पुन्हा उभं राहिलं. हल्ल्याच्या बातम्या भरपूर आल्या. ते सावरलं कसं, याकडे मात्र फारसं कुणी पाहिलं नाही, आणि दुकानदाराच्या, कारखानदाराच्या कामाचा भाग नेमका तोच आहे.

त्याच्या वर्षभर आधीचा प्रसंग याहून मोठा आणि या परिसराच्या आणखी जवळचा. अंबरनाथचं आनंदनगर असो की बदलापूरचं औद्योगिक क्षेत्र, भूखंडापासून पाणीबिलापर्यंत सगळा व्यवहार एमआयडीसीशी, म्हणजे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाशी. उल्हासनगरला तर स्वतःचा पाण्याचा स्रोतच नाही. शहराच्या नळाला येतं ते एमआयडीसीकडून विकत घेतलेलं पाणी. या महामंडळाची संगणक यंत्रणा २१ मार्च २०२१ ला, रविवारी रात्री अडीचच्या सुमारास कोलमडली. यंत्रणेनं आपोआप इशारे धाडले, आणि दिवसभराच्या तपासणीत कळलं की हा 'सिनॅक' नावाच्या रॅन्समवेअरचा हल्ला आहे. मुख्यालयासह राज्यभरातल्या प्रादेशिक कार्यालयांचं काम अडकलं. पाचशे कोटींच्या खंडणीचे आकडे बातम्यांत फिरले. खंडणीच्या चिठ्ठीत रक्कम थेट लिहिलेली नाही, संपर्क कसा करायचा एवढंच आहे, असं महामंडळानं निवेदनात स्पष्ट केलं.

त्याच निवेदनात आणखी एक साधं वाक्य होतं. बॅकअपच्या फायली नेटवर्कच्या वेगळ्या भागात ठेवलेल्या होत्या आणि त्यांना लागण झालेली नव्हती. सगळ्या प्रकरणातली सर्वांत मोलाची गोष्ट ही. अँटिव्हायरसचा परवाना महामंडळाकडे होताच, तरी सर्व्हर आणि काही कार्यालयांतले संगणक बाधित झाले. पुढचा मार्ग उघडा राहिला तो वेगळ्या जागी असलेल्या प्रतींमुळे. पुढे ऑगस्टमध्ये सिनॅकच्या टोळीनं नाव बदललं आणि जुन्या बळींसाठीच्या किल्ल्या स्वतःहून खुल्या केल्या. पण पाच महिने किल्लीची वाट पाहत बसणं कुठल्या कार्यालयाला परवडेल?

रॅन्समवेअर फायली पळवत नाही, जागच्या जागी कुलूपबंद करतं. फाइल दिसते, उघडत नाही. गणिती किल्लीशिवाय तिच्यातला मजकूर निव्वळ निरर्थक अक्षरं. अलीकडच्या टोळ्या आधी डेटाची प्रत काढून नेतात आणि मग कुलूप घालतात, म्हणजे धमकीही दुहेरी. आत शिरल्यावर त्यांचं पहिलं काम असतं बॅकअप शोधणं. विंडोज स्वतःहून जपून ठेवतं त्या जुन्या प्रती एका आज्ञेत पुसता येतात. संगणकाला कायम जोडलेली हार्ड डिस्क, ऑफिसच्या नेटवर्कवरचं सामायिक फोल्डर, जे जे त्या संगणकाला दिसतं ते ते चोरालाही दिसतं. म्हणून बॅकअप आहे का, एवढं विचारून भागत नाही. तो चोराच्या हाताला लागेल का, हे विचारावं लागतं.

याचं सर्वांत बोलकं उदाहरण मर्स्क या जहाज कंपनीचं, आणि त्याची झळ थेट न्हावा शेव्याला पोचली होती. २७ जून २०१७ ला 'नॉटपेट्या' नावाचा विषाणू युक्रेनमधून पसरला. मर्स्कच्या समूहाकडून चालवलं जाणारं, न्हावा शेव्याच्या जेएनपीटी बंदरातलं टर्मिनल त्यात ठप्प झालं. कंपनीच्या जगभरच्या नेटवर्कचा नकाशा आणि कोणाला कुठे प्रवेश आहे याची नोंद ठेवणारे सुमारे दीडशे सर्व्हर होते. ते सगळे एकमेकांच्या प्रती सतत ताज्या ठेवत. एक बंद पडला तर दुसरा आहेच, या हिशेबानं. सगळेच एका वेळी पुसले जातील, हा विचार त्या रचनेत नव्हता, आणि झालं तेच. शेवटी एक सापडला, घाना देशात. हल्ल्याच्या थोडं आधी तिथली वीज गेली होती, म्हणून तो यंत्रणेपासून तुटलेला होता आणि त्यामुळेच वाचला. तिथलं इंटरनेट इतकं संथ होतं की डेटा पाठवायला दिवसच्या दिवस लागले असते. घानातल्या कर्मचाऱ्याकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. मग नायजेरियाच्या विमानतळावर हार्ड डिस्क एका हातातून दुसऱ्या हातात गेली आणि तिथून इंग्लंडला पोचली. नंतर दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्यानं उभे करावे लागले, असं कंपनीच्या अध्यक्षांनीच पुढे दावोसला सांगितलं. एवढ्या अवाढव्य कंपनीला तारलं ते वीज गेल्यामुळे तुटलेल्या एका यंत्रानं.

आता कॅम्प ५ च्या मापात पाहू. जीन्स शिवणाऱ्या कारखान्याचा हिशेब टॅलीत, डिझाइनचे फोटो मोबाइलमध्ये, पार्ट्यांची उधारी अर्धी वहीत आणि अर्धी संगणकात. जीएसटी कायद्यानुसार हिशेबाच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळाव्या लागतात. बॅकअप बहुतेकांकडे असतो, पण अनेकदा तो त्याच संगणकाला लटकलेल्या पेनड्राइव्हवर असतो. कुलपाची दुसरी किल्ली त्याच कड्यात अडकवण्यासारखं आहे हे. शिवाय नुकसान काही चोरच करतो असं नाही. २६ जुलै २००५ चा पूर या पट्ट्यात कुणी विसरलेलं नाही. २०१९ च्या जुलैत बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली. तळमजल्यावरचा संगणक आणि त्याच टेबलाच्या खणातली डिस्क असा पूर एकदमच नेतो.

गुगल ड्राइव्ह किंवा तत्सम सेवेवर फोल्डर 'सिंक' असेल तर निश्चिंत राहावं, असं अनेकांना वाटतं. सिंक म्हणजे आरसा. इथली फाइल बिघडली की तिथलीही बिघडते. मर्स्कचे दीडशे सर्व्हर हेच करत होते. जुन्या आवृत्त्या मागे जाऊन परत मिळवता येत असतील तरच त्या सेवेचा उपयोग, आणि त्या किती दिवस टिकतात हे सेवेच्या सेटिंगमध्ये आधी तपासून घ्यावं. घुसखोर आठवडेच्या आठवडे गुपचूप आत बसलेला असू शकतो. एकुलती एक कालची प्रत असेल तर तीही बाधितच निघेल.

संकेतस्थळाचं आणखी एक दुखणं आहे. जानेवारी २०१७ मध्ये संकेतस्थळं बनवण्याच्या वर्डप्रेस या प्रणालीनं एक गंभीर त्रुटी दुरुस्त करणारी सुधारित आवृत्ती दिली. ज्यांनी ती बसवली नाही अशा संकेतस्थळांची पानं काही दिवसांतच लाखोंच्या संख्येनं बदलली गेली. कुणी व्यक्तिशः त्या संकेतस्थळांच्या मालकांच्या मागे लागलं नव्हतं. स्वयंचलित प्रोग्रॅम दारं ठोठावत फिरतात आणि उघडं सापडलं की शिरतात. छोट्या व्यवसायाचं संकेतस्थळ एखाद्या ओळखीच्या मुलानं बनवून दिलेलं असतं, पासवर्ड त्याच्याकडे, डोमेन त्याच्या नावावर, आणि तो मुलगा आता पुण्याला नोकरीला. अशा वेळी बॅकअप कुठे आहे हे मालकाला ठाऊकच नसतं. होस्टिंग कंपनी ठेवत असेलच, हा भरवसा धोक्याचा. 'कोड स्पेसेस' या कंपनीच्या अ‍ॅमेझॉन क्लाउड खात्याचा ताबा जून २०१४ मध्ये हल्लेखोरानं मिळवला आणि खंडणी मागितली; कंपनी ताबा परत घेऊ लागताच त्यानं बहुतेक डेटा व बॅकअप दोन्ही पुसले. एकाच खात्यात सगळं असल्यामुळे कंपनीच बंद झाली.

पीटर क्रोग या अमेरिकी छायाचित्रकारानं लोकप्रिय केलेला ३-२-१ चा नियम त्यासाठीच आहे. डेटाच्या तीन प्रती, दोन निरनिराळ्या माध्यमांवर, एक प्रत दुसऱ्या जागी. त्यात आज एक भर घालायला हवी. एक प्रत तरी एरवी तुटलेली असावी, काम झालं की डिस्क काढून घरच्या कपाटात. संकेतस्थळाचा बॅकअप म्हणजे नुसत्या फायली नव्हेत, त्यामागचा डेटाबेसही. तो राहिला तर दुकान दिसेल, पण आतला माल आणि ऑर्डरी गायब असतील.

आणि प्रत परत बसवून पाहिली का? गिटलॅब या नावाजलेल्या कंपनीत ३१ जानेवारी २०१७ ला एका अभियंत्याकडून चुकून सुमारे ३०० जीबीचा डेटाबेस पुसला गेला. बॅकअपच्या पाच पद्धती होत्या, पण ऐन वेळी एकही धड कामाला आली नाही. रोजचा बॅकअप अपयशी ठरत होता आणि तसं कळवणाऱ्या ई-मेल पोचतच नव्हत्या. योगायोगानं सहा तासांपूर्वी हातानं काढलेली एक प्रत सापडली. दिल्लीच्या एम्समध्ये नोव्हेंबर २०२२ च्या हल्ल्यात बाधित न झालेल्या बॅकअप सर्व्हरवरून ई-हॉस्पिटल या रुग्णालयाच्या संगणक यंत्रणेचा सगळा डेटा मिळाला, तरी बहुतेक सेवा पूर्ववत व्हायला दोन आठवडे लागले. तोवर रुग्णांची नोंद कागदावर. म्हणून तिमाहीला एकदा, सुट्टीच्या दिवशी, दुसऱ्या संगणकावर टॅलीचा बॅकअप उघडून पाहावा आणि किती वेळ लागला तेही लिहून ठेवावं.

हल्ला झालाच, तर संकेतस्थळ घाईनं पुसू नये. बाधित फायली आणि सर्व्हरच्या नोंदी आधी वेगळ्या काढून ठेवाव्यात, कारण वाट कुठून मिळाली हे त्यांतूनच कळतं, आणि ती वाट बुजवल्याशिवाय जुनी प्रत बसवली तर चोर त्याच वाटेनं परत येतो. सगळे पासवर्ड बाधित नसलेल्या संगणकावरून बदलावेत. पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच फोन करावा, तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात द्यावी. २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत सर्ट-इन या केंद्रीय संस्थेला कळवायची असते आणि यंत्रणेच्या नोंदी १८० दिवस जपायच्या असतात.