वजन तेच, दाब मात्र कमी

बॉयलरवरचा दाबमापक खरे सांगतो की नाही, हे तपासायला डेडवेट टेस्टर वापरतात. उपकरण तसे साधे. तेलाने उचललेला पिस्टन आणि त्यावर ठेवलेली वजने. भाराला पिस्टनच्या क्षेत्रफळाने भागले की दाब मिळतो. घर्षण आड येऊ नये म्हणून पिस्टन हलकेच फिरता ठेवतात.

गोची आहे ती गुरुत्वाकर्षणाची. अनेक टेस्टरच्या वजनांवरचे आकडे ९.८०६६५ हे प्रमाण गुरुत्व धरून कोरलेले असतात. मुंबईत ते सुमारे ९.७८६ भरते. म्हणजे १०० बारची वजने ठेवली तरी दाब ९९.७९ बारच! फरक ०.२१ टक्के. किरकोळ वाटेल, पण टेस्टरची स्वतःची अचूकता ०.०२ टक्क्यांच्या घरात असते. दुरुस्ती न करता काटा १०० वर आणून ठेवणारा तंत्रज्ञ चांगला दाबमापक बिघडवून परत देतो.

बाकीच्या चुका त्यामानाने लहान. हवा पोलादी वजनांना किंचित उचलून धरते, तो फरक सुमारे ०.०१५ टक्के. उन्हाळ्यात पिस्टन प्रसरण पावतो, क्षेत्रफळ वाढते, दाब घटतो. तेलाच्या उंचीकडे मात्र हटकून दुर्लक्ष होते. दाबमापक पिस्टनच्या तळापेक्षा दहा सेंटिमीटर खाली असेल, तर त्याला सुमारे ०.००८ बार जास्त दाब मिळतो. १०० बारला हे कोणी विचारणार नाही. १ बारला तीच चूक जवळजवळ एक टक्का होते.

दाबमापक तपासून आला की प्रमाणपत्रावर स्थानिक गुरुत्व आणि तापमान नोंदले आहे का, ते आधी पाहावे.