न मागवलेल्या मालाचं बिल

धानाच्या हंगामात गोंदियातल्या एखाद्या राईस मिलच्या कचेरीत तासभर बसलं, तरी बिल कसं तपासतात ते कळतं. ट्रक काट्यावर चढतो. आधी भरल्या गाडीचं वजन, मग रिकाम्या गाडीचं, मग काटा पावती. ती पावती बिलाशी जुळली नाही तर मुनीमजी बिल बाजूला सारतात. समोरचा माणूस कितीही घाईत असो, पैसे सुटत नाहीत.

अशाच एका कचेरीत बसलो असताना मुनीमजींनी कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला. "भाऊ, हे कोणी घेतलं जी?" नामांकित कंपनीच्या अँटीव्हायरसचं बिल ईमेलने आलं होतं. वर्षाची वर्गणी आपोआप पुढे चालू झाली आहे, ३४,९९९ रुपये आज खात्यातून वजा होतील, आमच्यावर विश्वास टाकल्याबद्दल आभार. लोगो होता, बिल क्रमांक होता. खाली जाड अक्षरांत लिहिलं होतं: रद्द करायचं असल्यास २४ तासांच्या आत या नंबरवर फोन करा. आयुष्यभर काटा पावतीशिवाय बिल न मानलेल्या त्या माणसाचा हात फोनवर गेला होता.

मागच्या भागांत लिंकवरून होणाऱ्या फसवणुकीबद्दल लिहिलं, तेव्हा 'अनोळखी लिंक उघडू नका' एवढं सांगून भागलं. या मेलमध्ये बहुधा लिंकच नसते. पैसे भरायचं बटणही नसतं. म्हणून मेलच्या गाळणीत ती अडकत नाही आणि वाचणाऱ्यालाही संशय येत नाही. या बिलाला तुमच्याकडून फक्त एक फोन हवा असतो.

फोन लागला की पलीकडचा आवाज अदबीचा असतो. "काळजी करू नका, पैसे परत देतो, फक्त एक फॉर्म भरावा लागेल." त्यासाठी एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअरसारखं ॲप उतरवायला सांगतात. ही ॲप खरी आहेत, दूरच्या कॉम्प्युटरची दुरुस्ती करायला कामाची आहेत. पण त्यातला नऊ-दहा आकडी कोड सांगून परवानगी दिली, की आपल्या पडद्यावरचा बाण तिकडचा माणूस हलवू लागतो. मग नेट बँकिंग उघडायला लावतात. पुढचा डाव नीट समजून घ्या, कारण शिकलेली माणसंही इथेच फसतात. ब्राउझरमध्ये उघडलेल्या पानावरचे आकडे आपल्यापुरते बदलता येतात, त्यासाठी बँकेत शिरावं लागत नाही. पडदा क्षणभर काळा होतो. परत उजळतो तेव्हा ३४,९९९ च्या जागी ३,४९,९९० जमा झालेले दिसतात. आता तोच आवाज रडवेला होतो. "साहेब, एक शून्य जास्त पडलं. माझी नोकरी जाईल. वरचे पैसे तेवढे परत पाठवा."

खात्यात मुळात एक रुपयाही आलेला नसतो. पण दुसऱ्याच्या पोटावर पाय येऊ नये म्हणून भला माणूस स्वतःच्या शिलकीतले तीन लाख पाठवून देतो. मला या धंद्याची चीड येते ती इथे. त्यांना लोभी माणूस लागत नाही, सरळ माणूस पुरतो.

हे आवाज कुठून येतात? कधी आपल्याच महाराष्ट्रातून. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले आणि सातशेहून अधिक जणांना ताब्यात घेतलं. तिथून अमेरिकेच्या कर खात्याचे अधिकारी म्हणून लोकांना धमकावलं जात होतं. ऑगस्ट २०२५ मध्ये सीबीआयने नाशिक जिल्ह्यात इगतपुरीच्या एका रिसॉर्टमध्ये चाललेलं केंद्र उघडकीस आणलं. ॲमेझॉनचा मदत विभाग असल्याचं भासवून अमेरिका आणि कॅनडातल्या लोकांकडून गिफ्ट कार्ड आणि क्रिप्टोच्या रूपात पैसे उकळले जात होते. साठेक पोरं कामाला होती आणि कामाची वाटणीही होती: डायलर, व्हेरिफायर, क्लोजर. 'इंटरनॅशनल कस्टमर सपोर्ट'ची नोकरी लागली म्हणून आपला मुलगा गाव सोडून निघाला, तर कंपनी नक्की काय विकते आणि पैसे कशाने घेते, हे घरच्यांनी विचारायलाच हवं.

आता मुनीमजींच्या बिलाकडे वळू. मेल पाठवणाऱ्याचा पत्ता पाहा, असं सगळे सांगतात. पाहावाच, पण तो खरा निघाला म्हणून निश्चिंत होऊ नये. पेपाल या ऑनलाइन पेमेंट सेवेवर कुणीही खातं उघडून बिल पाठवू शकतो. ती मेल पेपालच्याच पत्त्यावरून येते, आणि शेऱ्याच्या रकान्यात ठगाने आपला नंबर टाकलेला असतो.

त्यापेक्षा आपल्या घरचे नियम जास्त उपयोगी. ऑटो-पेचे पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी बँकेकडून सूचना यावी लागते, आणि अशा वर्गणीची रक्कम १५,००० रुपयांच्या वर असेल तर ओटीपीशिवाय ती कापता येत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. म्हणजे 'आज ३४,९९९ आपोआप जातील' हे वाक्यच खोटं. दुसरं, जीएसटी. मुनीमजींना हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे: जीएसटी क्रमांक १५ अक्षरी असतो, महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो, आणि पोर्टलवर टाकला की फर्मचं नाव समोर येतं. त्या बिलावर क्रमांकच नव्हता.

आणि खात्री करायचीच असेल तर बिलावरचा नंबर सोडून द्या. बँकेचं ॲप स्वतः उघडा, नोंद बघा. बँकेचा नंबर कार्डाच्या मागे छापलेला असतो, तो लावा.

फोन करून झाला असेल, ॲपही उतरलं असेल, तर लाजत बसण्यात मिनिटं घालवू नका. आधी इंटरनेट तोडा. दुसऱ्या मोबाइलवरून बँकेला कळवून खातं गोठवा, लगेच १९३० लावा, सायबर क्राइमच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार नोंदवा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता आले तरच हाती लागतात. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, पासवर्ड आपल्या चुकीने दिला गेला असला तरी बँकेला कळवल्यानंतर जे पैसे जातील ते नुकसान बँकेचं. म्हणून तक्रार क्रमांक आणि वेळ लिहून घ्या.

मुनीमजींनी फोन खाली ठेवला. आवक वही उघडून त्या तारखेचं पान बघितलं, मेलची प्रिंट काढली आणि तिच्यावर लाल पेनाने लिहिलं, 'माल आवक नाही'. बाहेर पुढचा ट्रक काट्यावर चढत होता.