गणिताचे पुस्तक बदलण्यापूर्वी

लालबाग-परळच्या गिरण्यांच्या जागी टॉवर उभे राहिले आणि 'मुलाला शाळेत न घालता घरीच शिकवू' हा विचारही या भागात आला. चाळीतून शिकून वर आलेली आमच्या समाजातील काही कुटुंबेही आता तसे बोलू लागली आहेत. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, गणित कोणते लावावे? बालभारतीचे, सीबीएसईचे की सिंगापूरचे? मूल अडले की लगेच दुसरा प्रश्न, पुस्तक बदलावे काय?

उदाहरण दिले जाते मालविका राज जोशी हिचे. ती दादरच्या शाळेत सातवीत असताना आईने तिला काढले आणि स्वतः नोकरी सोडून अभ्यासक्रम तयार केला. संगणकाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडमध्ये तीन पदके मिळवून २०१६ साली ती अमेरिकेच्या एमआयटीत पोहोचली. तिच्या कर्तृत्वाबद्दल आम्हाला आदरच आहे. परंतु त्याच बातमीतील दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही. बारावीचे प्रमाणपत्र नसल्याने आयआयटीचे दार तिला बंद होते. नोकरी सोडू शकणारी आई आणि तीन पदके, हे दोन्ही ज्यांच्याकडे नाही त्यांनी काय करावे?

आमच्यासाठी शाळेचा फळा ही साधी वस्तू नाही. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिक्षकांनी विद्यार्थी भीमरावांना फळ्यावर गणित सोडवायला बोलावले, तेव्हा फळ्यामागचे आपले डबे बाटतील म्हणून सवर्ण मुलांनी गलका केला. त्याच शाळेत त्यांना संस्कृत नाकारले गेले, फारसी घ्यावी लागली. तेव्हा कोणता विषय शिकायचा हे दुसरे ठरवत होते. आज निवडीचा हक्क आहे, म्हणूनच तो विचाराने वापरला पाहिजे.

पुस्तक बदलले की नेमके काय होते? प्रत्येक अभ्यासक्रमाचा क्रम वेगळा असतो. एकात अपूर्णांक आधी येतात, दुसऱ्यात दशांश. वर्षात दोनदा बदल केला की एक धडा दोनदा होतो आणि एक कायमचा सुटतो. भाषा बदलली तर 'छेद' जाणणारे मूल 'डिनॉमिनेटर' पाहून बिचकते आणि आपण म्हणतो, याला गणित येत नाही!

होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचे काम एकेकाळी गिरगावाजवळ नाना चौकातील महापालिका शाळेतून चाले. १९८० च्या दशकात या केंद्राने मुंबईच्या महापालिका शाळांतील अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांबरोबर काम केले. भाषेचा अडसर दूर झाला, नीट मार्गदर्शन मिळाले आणि तीच मुले पुढे गेली. डोके कमी नव्हते, वाट अडवलेली होती. म्हणून आधी अडचण शोधा. मूल आकडेमोडीत अडते, की शाब्दिक उदाहरणाचे वाक्य समजण्यात? मागच्या इयत्तेचे अपूर्णांक सोडवायला द्या, उत्तर तिथेच मिळेल. अनेकदा पुस्तक नव्हे, मागची पायरी दुरुस्त करावी लागते.

दुसरे, शेवटची परीक्षा कोणती हे आधी ठरवा. राज्य मंडळाची दहावी १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून देता येते, राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचाही मार्ग आहे. सीबीएसईने २०२० च्या दहावीपासून गणिताचा 'बेसिक' पेपर आणला, तो मुळात पुढे गणित न घेणाऱ्यांसाठी होता. सोपे म्हणून काही स्वीकारताना पुढचे कोणते दार बंद होते, हे तपासा.

तिसरे कायद्याचे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम ४ सांगते की शाळेबाहेर राहिलेल्या, सहा वर्षांवरील मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात प्रवेश मिळतो आणि बरोबरीला येण्यासाठी विशेष प्रशिक्षणाचा हक्कही मिळतो. घरी शिकवणे जमले नाही तर परत जाण्यात कमीपणा नाही. शाळेने 'खालच्या वर्गात बसवा' म्हटले तर हे कलम दाखवा.

परंतु हा एकेका घराचा प्रश्न नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा फुल्यांनी बहुजनांच्या मुलांच्या अभ्यासक्रमात हिशेबाचा आग्रह धरला, कारण हिशेब न येणाऱ्याला सावकार लुटतो. आज आमच्यात अभियंते आहेत, बँकेतील अधिकारी आहेत, शिक्षक आहेत. त्यांनी आठवड्यातील दोन संध्याकाळी आपल्या विहारात गणिताचा फळा लावावा. पुस्तक कोणतेही असो, त्या फळ्यापुढे आमचा एकही मुलगा, एकही मुलगी एकटी अडून राहता कामा नये.

जयभीम!