हरवलेला अपडेट: दोन थ्रेड, एकच ओळ

साठ्याच्या टेबलात एका वस्तूचे 10 नग आहेत. दोन थ्रेड एकाच वेळी ती ओळ वाचतात, दोघांनाही 10 दिसतात, दोघेही एक वजा करून 9 लिहितात. विकले गेले दोन, कमी झाला एकच. याला ‘लॉस्ट अपडेट’ म्हणतात. एरर येत नाही, हीच त्यातली खरी मेख.

ट्रान्झॅक्शन लावले की काम झाले, हा समज फसवा आहे. पोस्टग्रेसची डीफॉल्ट आयसोलेशन पातळी ‘रीड कमिटेड’. तिथे हा घोळ बिनबोभाट होतो. ‘रिपीटेबल रीड’ला पोस्टग्रेस दुसरे ट्रान्झॅक्शन एरर देऊन थांबवते, मायएसक्यूएलचे इनोडीबी इंजिन मात्र त्याच नावाच्या पातळीवरही साध्या सिलेक्टनंतरचा अपडेट मुकाट होऊ देते.

सर्वांत सोपा उपाय म्हणजे वजाबाकी डेटाबेसवरच सोपवणे: ‘सेट साठा = साठा - 1’. मध्ये बराच हिशेब असेल तर ‘सिलेक्ट फॉर अपडेट’ने ओळ आधीच लॉक करावी. टक्कर क्वचितच होत असेल तर व्हर्जन क्रमांकाचा कॉलम पुरतो: अपडेटच्या अटीत जुना क्रमांक घालायचा, आणि एकही ओळ बदलली नाही तर पुन्हा वाचून पुन्हा प्रयत्न करायचा. जावाच्या हायबरनेटमध्ये क्रमांक तपासण्याचे काम ‘व्हर्जन’ अ‍ॅनोटेशन करते. पण हायबरनेटचे सेशन थ्रेडसेफ नाही. प्रत्येक थ्रेडला वेगळे सेशन द्यावेच लागते.