मंदीच्या दिवसांत झाडांची निगा राखणाऱ्यांना नवे काम
वसई-विरार भागातील अनुभवाच्या आधारे काही विचार

वसईच्या किल्ल्यापासून अर्नाळ्यापर्यंत समुद्राच्या अंगाने जो सखल पट्टा पसरला आहे, तो पिढ्यान्‌पिढ्या वाड्यांचा मुलूख म्हणून ओळखला जातो. विहिरींच्या व बावखळांच्या गोड्या पाण्यावर येथे केळी, पानवेल, भाजीपाला व फुले यांची लागवड होत आली आणि बांधाबांधाने नारळ उभे राहिले. आगाशीच्या सुकेळीचे नाव तर दूरवर पोहोचलेले आहे. या वाड्यांच्या आधारे आणखी एक कसब वाढले, ते म्हणजे झाडावर चढण्याचे. नारळ पाडणे, वाळलेल्या झावळ्या उतरविणे, आंब्याफणसाच्या फांद्या साफ करणे, ही कामे करणाऱ्या माणसाला गोव्याकडे पाडेली म्हणतात. वाडीवाला आणि चढणारा यांचा संबंध घरोब्याचा असे; बापाची झाडे ज्याने पाहिली, त्याचाच मुलगा पुढे मुलाची झाडे पाही. नवे गिऱ्हाईक शोधण्याचा प्रसंग सहसा येत नसे.

ही घडी आता मोडली आहे. वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपालिका व आसपासची गावे मिळून २००९ साली महानगरपालिका स्थापन झाली. वाड्यांच्या जागी इमारती उठल्या. परंतु पुष्कळ ठिकाणी इमारतीच्या कुंपणाच्या आत जुने नारळ, आंबे व चिंचा तशाच राहिल्या. म्हणजे झाड सर्वत्र नाहीसे झाले नाही. अनेक ठिकाणी झाडाचा केवळ मालक बदलला. पूर्वी तो झाडाची भाषा जाणणारा एक शेतकरी होता, आज ती एक गृहसंस्था आहे. तिच्या कार्यकारी समितीतील कोणालाही नारळाचा कोंब कुजला आहे की नाही हे कळत नाही, आणि तिच्या दारी जाऊन ते सांगणाराही कोणी नाही. या धंद्यातील मंदीचे अर्धे मूळ येथे आहे.

उरलेले अर्धे पैशाच्या टंचाईत आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली, उपनगरी गाड्या थांबल्या आणि विरार-वसईहून मुंबईस जाऊन मिळकत आणणाऱ्या असंख्य कुटुंबांचे उत्पन्न अडकले. अशा वेळी गृहसंस्था पहिली कात्री लावते ती बागेच्या खर्चाला. दोन-चार माणसांच्या लहान टोळीला मग दोन मोह पडतात. एक, दर उतरवून शेजारच्या टोळीचे काम ओढणे. दुसरा, निगा सोडून सरसकट तोडीची कामे घेणे. दोन्ही घातक होत. दर एकदा उतरला की तो पुन्हा चढविणे कठीण जाते, आणि तोडलेले झाड पुढच्या वर्षी काम देत नाही.

मंदी असली तरी झाड वाढावयाचे थांबत नाही, आणि पाऊसही थांबत नाही. ३ जून २०२० रोजी, टाळेबंदी चालू असतानाच, निसर्ग चक्रीवादळाने रायगडच्या किनाऱ्यावरील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेले आणि एकट्या मुंबईत दोन हजारांवर झाडे पडली. जुलै २०१७ मध्ये चेंबूर येथे सकाळी फिरावयास निघालेल्या एका महिलेच्या अंगावर रस्त्याकडेचा नारळ कोसळून तिचा मृत्यू झाला. हा प्रसंग मुंबई परिसरातील गृहसंस्था अद्याप विसरलेल्या नाहीत. झाडाची तपासणी ही हौसेची बाब नसून जिवाच्या सुरक्षिततेची बाब आहे, हे ज्याला समजावून देता येईल, त्याला वाईट दिवसांतही गिऱ्हाईक मिळेल. यास्तव विकावयाची वस्तू बदलली पाहिजे. ‘फांदी तोडून देतो’ असे न म्हणता ‘वर्षभर झाडे पाहतो’ असे म्हणावयास शिकले पाहिजे.

यातील सर्वांत मोलाचे गिऱ्हाईक म्हणजे नारळ असलेली गृहसंस्था. नारळाला महिन्याकाठी साधारण एक नवी झावळी येते आणि प्रत्येक झावळीच्या बेचक्यात एक पोय निघू शकते. म्हणजे झाडावर वर्षभर फळ तयार होत राहते आणि जुनी झावळी गळत राहते. दर दोन महिन्यांनी झाडावर माणूस चढलाच पाहिजे, नाहीतर नारळ व झावळ्या खालच्या मोटारींवर, मुलांवर, वाटसरूंवर पडणार. ही गरज मोसमी नाही. म्हणून तिच्यावर बारमाही करार उभा राहू शकतो.

समजा, जवळजवळच्या पाच गृहसंस्थांत मिळून ३० नारळ आहेत. एक चढणारा व खाली एक मदतनीस, शेंडा साफ करून व किडीची पाहणी करून, दिवसाला १५ झाडे निश्चिंतपणे करू शकतील असे धरू. तर एका फेरीस दोन दिवस लागतील आणि वर्षाच्या सहा फेऱ्यांना बारा दिवस. असे दहा गट बांधले की दोन माणसांचे १२० दिवसांचे काम अगोदरच ठरले. मंदीत या ठरलेल्या चार महिन्यांचे मोल फार आहे. गट मात्र पायी किंवा सायकलने जाण्याजोगे जवळ असावेत. आज नालासोपारा, उद्या नायगाव असे फिरण्यात मजुरी वाटेतच सरते.

गृहसंस्थेकडे जावे तेव्हा तोंडी बोलून परत येऊ नये. तिचे हिशेबाचे वर्ष ३१ मार्चला संपते आणि वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत, पुढील वर्षाचा खर्च आखला जाण्यापूर्वी, चिटणिसास भेटून एकदा विनामूल्य पाहणी करण्याची परवानगी मागावी. नंतर एका कागदावर प्रत्येक झाडाचा क्रमांक, जात, जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवरील बुंध्याचा घेर, दिसलेला दोष आणि करावयाचे काम लिहून द्यावे. या कागदाचा परिणाम मोठा होतो. समितीतील लोक कचेरीत वावरलेले असतात. लेखी टिपणावर त्यांचा विश्वास बसतो आणि ते सभेपुढे ठेवता येते. लिहिणे जमत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलामुलींकडून लिहवून घ्यावे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी असा एक नमुना तक्ता करून दिल्यास त्याचा चांगला उपयोग होईल.

दोष ओळखणे हे मात्र स्वतःचेच काम आहे. उलगडलेल्या झावळीवर कात्रीने कापल्यासारखे त्रिकोणी काप दिसले तर गेंड्या भुंगा शेंड्यात शिरला आहे असे समजावे आणि तो तारेच्या आकड्याने काढावा. हा भुंगा शेणखतात व कुजक्या पालापाचोळ्यात वाढतो. गृहसंस्थेच्या खताचा खड्डाच त्याचे घर असल्याचे दाखवून दिले, तर त्या एका गोष्टीने समितीचा विश्वास बसेल. खोडाला भोक पडून तांबूस रस वाहत असेल तर सोंड्या भुंग्याचा संशय घ्यावा. ही कीड जखमेतून आत शिरते; म्हणून चढण्यासाठी खोडाला खाचा पाडण्याची रीत सर्वस्वी सोडून द्यावी. पावसाळ्यात मधला कोंब पिवळा पडून सहज उपटून येऊ लागला तर तो कोंबकुज रोग होय. कुजलेला भाग काढून त्यावर दहा टक्के बोर्डो मलम लावावे. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना व दहा लिटर पाणी हे त्याचे प्रमाण. मोरचूद लोखंडी भांड्यात भिजवू नये. मिश्रणात लोखंडी सुरी बुडवून पाहावी. तिच्यावर तांबूस थर चढला तर चुना आणखी घालावा.

गिऱ्हाइकाचे सर्व काही ऐकावे असेही नाही. पुष्कळ गृहसंस्थांना नारळाचा शेंडा झाडूसारखा उभा व मोकळा केलेला आवडतो. हिरव्या झावळ्या काढल्या तर झाडाची ताकद जाते व फळ घटते. वाळलेल्या व मोडलेल्याच उतराव्यात, आणि का, ते नम्रपणे सांगावे. आंबा, गुलमोहर यांचा माथा उडविण्याची मागणीही अशीच नाकारावी. जड फांदी काढताना प्रथम खालून अर्धवट काप, मग थोडे पुढे वरून काप, आणि शेवटी खोडाजवळील फुगीर कड राखून तिसरा काप घ्यावा. त्याने साल ओरबाडली जात नाही व जखम लवकर भरते.

दुसरे गिऱ्हाईक जुनेच, पण विसरलेले. निर्मळ, भुईगाव, गिरिज, नंदाखाल, बोळींज या बाजूस अजून वाड्या आहेत. घरची तरुण मंडळी नोकरीस जातात आणि नारळ आपोआप पडेपर्यंत झाडावरच राहतो. अशा वाडीवाल्याकडे मंदीत रोख पैसा नसेल. परंतु नारळ आहेत. मजुरीऐवजी झाडामागे ठराविक नारळ घेण्याची कोकणातील जुनी रीत येथे पुन्हा सुरू करावी. मोजणी मालकासमक्ष व्हावी आणि शहाळी किती, पक्के नारळ किती हे अगोदर ठरावे. वाद होतात ते तेथेच. हे नारळ आपल्याच गृहसंस्थांत घरोघर विकता येतात, श्रावणात नारळी पौर्णिमेपासून तर विशेष. झावळ्यांचे हीर काढून खराटे होतात, ती बायकांच्या हाताला मिळणारी वेगळी मिळकत.

चर्चची व देवळांची आवारे, शाळा, दफनभूमी येथेही जुनी मोठी झाडे असतात. तेथे एका विश्वस्ताची ओळख पुरेशी होते.

विजेच्या तारांजवळील छाटणी हे पावसाळ्यापूर्वी दरसाल निघणारे काम आहे. १९२८ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हानियात आस्प्लुंड बंधूंनी वीज व टेलिफोनच्या तारांजवळील फांद्या काढण्याचा धंदा सुरू केला. पुढच्याच वर्षी महामंदी ओढवली, तरी धंदा टिकला व पुढे फार मोठा झाला, कारण तारा मोकळ्या ठेवणे वीज कंपनीला टाळता येत नाही. आपल्याकडे लहान टोळीला हे काम बहुधा ठेकेदारामार्फतच मिळेल. महावितरणच्या माणसाने प्रवाह बंद करून तसे सांगितल्याखेरीज अशा झाडाला हात लावू नये. हिरवी फांदी वीज वाहून नेते, हे चांगल्या चांगल्या कारागिरांनाही ठाऊक नसते.

पावसाळ्यानंतरचे काम उत्तरेस आहे. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. परंतु तेथील पुष्कळ बागा जुन्या व दाट झाल्या असून आत ऊन पोहोचत नाही. आतील गर्दीच्या फांद्या विरळ करणे, कापांना बोर्डो मलम लावणे ही कामे वसईचा कारागीर सहज करील. जुन्या आंब्याचे पुनरुज्जीवन अधिक जोखमीचे; जोराच्या छाटणीनंतर खोडकिडा लागतो आणि झाड हातचे जाते. त्याकरिता कोसबाड येथील कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला आधी घ्यावा.

कायद्याकडे दुर्लक्ष केल्यास सर्व मेहनत वाया जाते. महानगरपालिकेच्या हद्दीत १९७५ चा झाडांच्या जतनाचा कायदा लागू आहे व परवानगीवाचून झाड तोडणे गुन्हा आहे. झाडाला इजा करणे हेही त्यात येते. २०२१ च्या सुधारणेने पन्नास वर्षांवरील झाडांना अधिक संरक्षण मिळाले. मोठ्या छाटणीपूर्वीही वृक्ष अधिकाऱ्याकडे लेखी विचारणा करणे इष्ट. हद्दीबाहेरील खेड्यांत १९६४ चा कायदा पाहावा. आंबा, फणस, चिंच, जांभूळ, मोह ही झाडे त्याच्या अनुसूचीत आहेत. रात्री येऊन झाड ‘वाळवून’ देण्यास सांगणारा मनुष्य कितीही पैसे देवो, तो गिऱ्हाईक नव्हे.

मंदीत काटकसर करावी लागते आणि ती बहुधा दोरावर होते. झिजलेला दोर आणखी एक हंगाम चालविला जातो, शिरस्त्राण घेणे पुढे ढकलले जाते, मजुरी वाचवावी म्हणून न शिकलेला पोरगा वर चढविला जातो. या कामात पडणारा माणूस बहुधा पुन्हा कामावर येत नाही, आणि त्याचे घर बसते. केरळात नारळ विकास मंडळाने २०११ पासून तरुणांना यंत्राने चढण्याचे सहा दिवसांचे शिक्षण दिले. पायांनी चालविण्याच्या त्या यंत्रामुळे परंपरेने हे काम न करणारेही चढू लागले. चढणाऱ्यांसाठी मंडळाची केरा सुरक्षा नावाची विमा योजनाही आहे. मंडळाचे प्रक्षेत्र पालघर जिल्ह्यातच सातपाटीजवळ असल्याने चौकशीस लांब जावे लागत नाही. विम्याचा कागद गृहसंस्थेपुढे ठेवावा. अपघाताची भीती चिटणिसासही असते, आणि दोन टोळ्यांचे दर सारखे असले तर तो विमा असलेल्या टोळीला पसंत करतो.

ही तयारी दिवाळीनंतर सुरू करावी. आधी आपल्याच आळीतील दोन गृहसंस्था घ्याव्यात, तेथील तक्ते पुरे करावेत आणि मग पुढे जावे. पहिले वादळी वारे वाहून गेले की दुसऱ्या दिवशी सकाळी, कोणी बोलाविण्याची वाट न पाहता, करारातील प्रत्येक झाडाखालून एक फेरी मारून यावी आणि जे दिसेल ते चिटणिसास कळवावे.